पुलाखालच्यांसाठी सायकल फेरी

मागून कुणी हॉर्न वाजवला की आमचे सर सायकलवरून खाली उतरायचे. सायकल स्टँडवर लावायचे, मागे वळायचे आणि हॉर्न वाजवणाऱ्याजवळ जाऊन अगदी अदबीनं विचारायचे, "काय म्हणालात?"

हे कुठे, तर मीरा रोडला! जिथे शेअर रिक्षावाल्याचा अंगठा हॉर्नवरून उचललेला मी तरी कधी पाहिलेला नाही. तो बिचारा भांबावून जायचा. "कुछ नहीं चाचा, साइड मांग रहा था." सर म्हणायचे, "मग तसं म्हणा ना. बाजू पाहिजे. घ्या की." एवढं झाल्यावर शांतपणे सायकल कडेला घ्यायचे. तोवर मागे रिक्षांची रांग आणि रांगेतून शिव्या. मी स्कूटीवर मागे असले तर मान वळवून दुकानांच्या पाट्या वाचत बसायचे, ओळखच दाखवायचे नाही. हा माणूस एक दिवस कुणाच्या तरी चाकाखाली जाणार आणि पंचनाम्याला मला बोलावणार, याची मला खात्रीच होती.

मी मुळात काळजीखोर बाई. गॅस बंद केलाय का ते बघायला तीन मजले परत चढणारी. शाळेच्या ऑफिसात मी क्लार्क होते आणि सर भूगोल शिकवायचे. बावीस वर्षं आम्ही एका शाळेत काढली. ते मला 'बाई' म्हणायचे, मी त्यांना 'सर'. भांडणं रोजची, पण अहो-जाहो कधी सुटलं नाही.

पँट चेनमध्ये अडकू नये म्हणून ते पायाशी कपड्यांचे चिमटे लावायचे. एक निळा, एक गुलाबी. आणि काढायला विसरायचे. एकदा तपासणीला साहेब आले होते. सर वर्गात मान्सूनचे वारे शिकवतायत आणि साहेबांची नजर त्या गुलाबी चिमट्यावरून हलायलाच तयार नाही. शेवटी साहेबांनी विचारलं, "हे काय आहे?" सरांनी खाली पाहिलं आणि म्हणाले, "कोकणातून आलोय, वाऱ्याचा भरवसा नाही." पोरं हसून लोळली. मला मात्र घाम फुटला, कारण शेरे माझ्याच कपाटात येऊन पडणार होते.

वर्गात नकाशा लावायला त्यांची बंदी. वर्षाच्या पहिल्या दिवशी प्रश्न एकच असायचा, "तुमच्या मोरीतलं पाणी जातं कुठे? शोधून या." पेणकरपाड्यातली पोरं गटारीच्या कडेकडेनं चालत थेट खाडीपर्यंत जायची, चिखलानं माखून घरी परतायची, आणि दुसऱ्या दिवशी आया ऑफिसात. कुणासमोर? माझ्यासमोर. सर स्टाफरूमच्या खिडकीत बसून चहा पीत असायचे. खुर्चीत बसलेलं मी त्यांना कधी पाहिलंच नाही. वर मलाच विचारायचे, "बाई, आज डब्यात काय होतं?" 'कसे आहात' हा प्रश्न त्यांच्या लेखी फुकट होता. काय जेवलात, हा खरा प्रश्न. आणि नुसतं 'भाजी-पोळी' म्हटलेलं चालायचं नाही, भाजीचं नाव लागायचं.

मी याच्या बरोब्बर उलट. मी रजिस्टरची बाई. नाव, इयत्ता, जन्मतारीख, पत्ता. एकही रकाना रिकामा राहिला तर मला जेवण जात नसे. सर म्हणायचे, "बाई, तुम्ही देवाला गेलात तरी आधी त्याचं पूर्ण नाव विचाराल." मला यात काही वावगं वाटलं नाही कधी. उलट अभिमानच वाटायचा. पुढे जे झालं ते या अभिमानापायीच झालं, म्हणून आधीच सांगून टाकते.

रिटायर झाल्यावर सरांना एक काम चिकटलं. स्वतःचा खोकला दाखवायला ते सरकारी दवाखान्यात गेले होते. तिथे एक मध्यमवयीन माणूस कंपाउंडरशी हुज्जत घालत होता. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, तिथे हा पॉलिशचं काम करायचा. ती काळी धूळ छातीत बसली, वर टीबी झाला, काम गेलं, खोली गेली, आणि आता तो मीरा रोडच्या पुलाखाली राहत होता. टीबीचा कोर्स त्यानं दोनदा अर्धवट सोडला होता. सोडला म्हणजे काय, एकदा गोळ्यांची पिशवी चोरीला गेली आणि एकदा पावसानं भिजली. डॉक्टर म्हणाले, आता तिसऱ्यांदा सुटला तर साधी औषधं लागूच पडणार नाहीत, मग माझ्याही हातात काही नाही. कुणीतरी जबाबदार माणूस रोज समोर उभा राहून गोळ्या देणारा पाहिजे.

"मी देतो," सर म्हणाले. नाव-गाव विचारायच्या आत!

तेव्हापासून रोज सकाळी सहाला सर पुलाखाली. गोळ्या कुठे, तर जुन्या कंपासपेटीत. त्या माणसाला ते 'उस्ताद' म्हणायचे. उस्तादनं गोळ्या गिळल्या की सर त्याला 'आ' करायला लावायचे, जिभेखाली बघायचे, मग दोघं टपरीवर चहा प्यायचे. त्यात एक दिवस खाडा नाही. सरांना ताप असला तरी नाही.

मला येऊन सांगायचे, "बाई, बेघर म्हणजे छप्पर नाही असं आपण समजतो. छप्पर पुलाचं आहे की. नाहीये ते कपाट. माणसानं गोळ्या ठेवायच्या कुठे, आधार कार्ड ठेवायचं कुठे, एक इस्त्रीचा शर्ट ठेवायचा कुठे?" त्यातून सायकल फेरीची कल्पना निघाली. एक खोली भाड्यानं घ्यायची, तिच्यात कुलपाची छोटी कपाटं आणि एक न्हाणीघर. बस. त्यासाठी लोकांनी सायकल चालवायची आणि ओळखीच्यांकडून देणग्या गोळा करायच्या.

आमच्याकडे सायकलवाल्यांचे ग्रुप ढीगभर. रविवारी पहाटे हेल्मेट घालून, चड्ड्या घालून, किती किलोमीटर झाले त्याचे फोटो टाकणारे. चाळीसेक जणांनी नावं दिली. सगळी कागदपत्रं कोण बघणार? मी! मला विचारायचीही गरज नव्हती, मी फाइल विकत आणली होती.

आणि मग मी ती यादी केली.

फेरीतल्या लोकांनी वाटेत थांबावं, पुलाखालच्या माणसांना भेटावं, नुसते हँडल धरून जाऊ नये, असं सरांच्या मनात होतं. मी म्हटलं, मग कुठे किती माणसं आहेत ते कळायला नको? दोन सकाळी मी रजिस्टर घेऊन फिरले. पूल, स्टेशनची बाहेरची बाजू, मार्केटमागची भिंत. ठिकाण, नाव, वय, कुटुंब, सापडण्याची वेळ. उस्तादच्या नावापुढे मी लिहिलं, 'सकाळी सहा, नक्की.' सर माझ्यासोबत होते. नेहमी बोलणारा माणूस त्या दोन दिवसांत गप्प होता. मला वाटलं, माझ्या कामावर खूश आहेत.

एका बिल्डरनं टी-शर्ट, पाणी आणि केळ्यांचा खर्च उचलला होता. त्याच्यातर्फे इव्हेंट बघणारा एक पोरगेलासा माणूस आला, कानात यंत्र, हातात टॅब. त्यानं रूट मागितला. मी त्याला रूट दिला आणि सोबत यादीही दिली. त्यानं मागितली नव्हती हो! मीच दिली. इतकं नेटकं काम कुणीतरी बघावं असं वाटलं मला.

रविवारी पावणेसहाला मी पुलाखाली पोचले. उजाडत होतं. सर आधीच आले होते, सायकलला टेकून, हातात कंपासपेटी. आणि पुलाखाली कुणी नव्हतं.

कुणीच नाही. चादरी नाहीत, चूल नाही, दोरीवरचे कपडे नाहीत. फरशी धुतलेली, अजून ओली. खांबांना ओळीनं कुंड्या मांडलेल्या, त्यात शोभेची रंगीत पानं. वर पिवळा बॅनर, बेघरांसाठी सायकल फेरी.

मी स्कूटीचा आरसा धरून उभी राहिले.

इव्हेंटवाला लगबगीनं आला. पिवळा टी-शर्ट, छातीवर बिल्डरचं नाव. "मॅडम, कैसा लग रहा है? कल दोपहर को ही टेंपो लगा के सब क्लियर कर दिया. फोटो में अच्छा नहीं दिखता ना. दो दिन बाद आ जाएंगे वापस." आणि त्यानं पॅडवरचा कागद दाखवला. माझं अक्षर. माझे रकाने. प्रत्येक ओळीपुढे टिकमार्क. "आपकी लिस्ट बहुत काम आई. एक भी स्पॉट नहीं छूटा."

"कुठे सोडलं त्यांना?" सरांनी विचारलं.

"वो ड्रायवर को मालूम, सर. भाईंदर वेस्ट साइड में कहीं."

ड्रायव्हरचा फोन बंद. सहा वाजून गेले. सरांनी कंपासपेटी उघडली, गोळ्या बघितल्या, पुन्हा मिटली. उस्ताद आज सापडला नाही तर उद्या कुठे शोधायचा? त्याच्याकडे फोन नाही. तो घाबरून गावाकडची गाडी पकडेल, नाहीतर वसईला जाईल, ठाण्याला जाईल. तिसऱ्यांदा कोर्स सुटेल. मग डॉक्टर काय म्हणाले होते ते मला शब्दन् शब्द पाठ होतं.

झेंडा दाखवायला पाहुणे यायचे होते. सर थांबले नाहीत. चाळीस सायकलवाल्यांसमोर उभे राहून त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं, "आजचा रूट रद्द. ज्यांच्यासाठी ही फेरी आहे ती माणसं हरवली आहेत. आपण त्यांना शोधणार आहोत. प्रत्येक टपरीवर विचारायचं. चला." इव्हेंटवाला "सर, सर, फ्लॅग ऑफ!" करत मागे धावला. कुणी बघितलंही नाही त्याच्याकडे.

मी स्कूटीवरून मागे, पाण्याच्या बाटल्या आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन. अंगात पंजाबी ड्रेसवर तोच पिवळा टी-शर्ट. मनात एकच चक्र चालू. सांगू का सरांना? न मागताच मी दिली होती यादी. नको, आत्ता नको. पण मग कधी? आपण केलेलं आपणच सांगायला हवं, नाहीतर त्या इव्हेंटवाल्यात आणि माझ्यात फरक काय? स्टेशनजवळ नाही. मार्केटमागे नाही. प्रत्येक ठिकाणी तीच ओली फरशी आणि त्याच कुंड्या. सात वाजले, साडेसात झाले. त्या दिवशी हॉर्न वाजले तेव्हा सर उतरले नाहीत. वळूनही पाहिलं नाही.

भाईंदर पश्चिमेला आल्यावर ते दम खायला थांबले. कपाळावरून घाम गळत होता. मी पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हटलं, "सर, ती यादी मी दिली त्याला. त्यानं मागितलीही नव्हती."

"माहीत आहे," ते म्हणाले. "बावीस वर्षं तुमच्या हातची पगारपत्रकं पाहिलीत. अक्षर ओळखत नाही का मी?"

"मग बोलला का नाहीत?"

"मी तुम्हाला रजिस्टर घेऊन फिरताना बघत होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसलो." बाटली त्यांनी माझ्या हातात परत दिली. "आता दोघंही गप्प बसू. चला."

त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं.

मोरवा गावात एक म्हातारी ओट्यावर बसून सुक्या मासळीतली करंदी निवडत होती. सरांनी विचारलं, काल टेंपोतून कुणाला सोडलं का इकडे? तिनं आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "हाय ना. सांजच्याला सोडलं धा-बारा लोकांना, पोराबाळांसकट. मिठागराच्या वाटंला शेड हाय, तिथं हायत. कोन जेवलं पन न्हाय. मी भाकऱ्या धाडल्या." मग माझ्या टी-शर्टाकडे बोट दाखवून म्हणाली, "तुमचीच मानसं व्हती की. असंच पिवळं घालून."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. सापडले, एवढंच ऐकू आलं मला. मी तर मोठ्यानं "सापडले हो!" म्हणून ओरडले, आणि मागच्या सगळ्यांनी आनंदानं घंट्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या.

मिठागराचा बांध. दोन्हीकडे उथळ पाणी आणि पलीकडे पत्र्याची शेड. शेडबाहेर माणसं बसलेली. त्यांनी मान वर करून पाहिलं, तर बांधावरून चाळीस पिवळे टी-शर्ट शिट्ट्या वाजवत त्यांच्याकडे धावून येतायत.

ती माणसं पळाली. बायकांनी पोरं उचलली, एकीनं भांडं उचललं, म्हातारे उठून कुंपणाकडे धावले. आणि उस्ताद, ज्याला दहा पावलं चालली की धाप लागते, तो बांधाच्या टोकाकडे पळत सुटला. पळता पळता वाकून खोकत होता, पुन्हा पळत होता.

"थांबा! सगळे थांबा!" सर ओरडले. सायकल त्यांनी तिथेच टाकली. दोन पावलं धावले, थबकले, स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. मग तो पिवळा टी-शर्ट डोक्यावरून ओढून काढला आणि फेकून दिला. भोकं पडलेल्या बनियनमध्ये, पायाला चिमटे, सत्तरीचे सर त्या बांधावर दोन्ही हात वर करून उभे राहिले. "उस्ताद! अहो, मी आहे! बघा तरी!"

उस्ताद वळला. त्याला ओळख पटायला वेळ लागला. मग तो होता तिथेच खाली बसला.

सर चालत त्याच्याकडे गेले. सायकलवाले जागच्या जागी थांबले, काहींनी न सांगता टी-शर्ट काढले. मीही काढला, चुरगाळून डिकीत टाकला, आणि पाण्याची बाटली घेऊन निघाले. मला वाटलं, टी-शर्टचीच तर भीती होती, ती गेली. आता मी जाऊन माफी मागेन. काय बोलायचं तेही ठरवत होते मी हिंदीतून.

वीस पावलांवर पोचले तर उस्ताद उठून मागे सरकला.

"सर, वो मॅडम को मत आने दो."

"अहो, त्या आपल्याच आहेत," सर म्हणाले. "शाळेतल्या बाई आहेत."

"नहीं सर. वो लिखती है." त्याला राग नव्हता आलेला, हेच तर वाईट होतं. शिक्षकाला पोर सांगतं तसं सांगत होता तो. "जो लिखने आता है ना, उसके बाद गाडी आती है. हर बार. मैंने आपका मुँह देख के टाइम बताया था."

मी बाटली बांधावर ठेवली आणि मागे फिरले. आणखी मागे या, असं सरांनी हातानं खुणावलं. मी गेले. पाठ करून उभी राहिले, समोर मिठागराचं पाणी. रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती, कारण रडावं असं माझं काय झालं होतं? मागून सरांचा आवाज आला, "आ करा. जीभ उचला. शाबास." मग उस्तादचा खोकला. मग सरांनी विचारलं, "उद्या कुठे येऊ?"

मग नुसती कुजबूज ऐकू आली. उस्ताद सरांच्या कानात सांगत होता. वाऱ्यावर एखादा शब्द आला असता माझ्याकडे. मी दोन्ही कानांवर हात ठेवले.

खोली पुढे झाली. कपाटं झाली, न्हाणीघर झालं. दारात रजिस्टर ठेवायचं नाही, कपाटांवर नाव घालायचं नाही, फक्त किल्ली द्यायची, एवढी सरांची अट होती आणि ती मी पाळली. बिल्डरच्या माणसांनी फोटो आणि नावांचा कागद मागितला तेव्हा पहिल्यांदा आयुष्यात मी 'कागद सापडत नाही' असं सांगितलं. आता सर मुलीकडे नाशिकला असतात. फोन केला की आधी विचारतात, काय जेवलात. उस्तादचा कोर्स पूर्ण झाला तेव्हा ते मुद्दाम घरी येऊन सांगून गेले, "संपला, बाई. डॉक्टर म्हणाले, छाती साफ." चहा घेतला, बशी पुसल्यासारखी स्वच्छ केली आणि गेले. कुठे गोळ्या द्यायचे, कुठल्या पुलाखाली, कुठल्या भिंतीमागे, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या रविवारनंतर नऊ आठवडे ते रोज साडेपाचला आमच्या बिल्डिंगखालून सायकलवर जायचे. मी जागीच असायचे. गॅलरीत उभी राहून बघायचे. नीट चाललेत ना, मागून ट्रक तर येत नाही ना, कंपासपेटी घेतलीय ना. कोपऱ्यावर रस्ता दोन बाजूंना फुटतो. डावीकडे वळले की एक अंदाज बांधता येतो, उजवीकडे वळले की दुसरा. मला स्वतःला माहीत आहे, मला कळलं असतं तर मी कुठेतरी लिहून ठेवलं असतं. म्हणून सर कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत मी घरात यायचे आणि दार लावून घ्यायचे.